घरी बांधलेली होडी

नौकांचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजांची आरमारे उभी राहतात, नाहीतर व्यापारी कंपन्यांची अवाढव्य गलबते. ते स्वाभाविकही आहे. ज्यांनी लढाया जिंकल्या, मुलूख शोधले, मिरी आणि कापूस वाहून नेला, त्यांच्याच नोंदी दप्तरांत राहिल्या. परंतु आज मी ज्या होड्यांविषयी बोलणार आहे, त्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्या शाळामास्तरांनी, कारकुनांनी, गिरणीतल्या फिटरांनी सुटीच्या दिवशी घराच्या पडवीत किंवा मोटारीच्या छपरीत बांधल्या, गाडीमागे जोडून पाण्यावर नेल्या आणि संध्याकाळी पुन्हा घरी आणल्या. त्या मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या. त्यांचा इतिहास लहान आहे, पण तो एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर देतो: जी विद्या थोड्यांच्याच हाती असते, ती अनेकांच्या हाती जाते ती कशी?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, ज्याच्याजवळ पैसा नाही आणि जो कोळ्याच्या अगर खलाशाच्या घरी जन्मलेला नाही, अशा माणसाने स्वतःची शिडाची होडी बाळगावयाचे मनात आणले, तर त्याच्या वाटेत चार अडसर होते. पहिला पाण्याच्या खोलीचा, दुसरा कसबाचा, तिसरा लाकडाचा आणि चौथा अंतराचा. हे चारही अडसर कोणा एका थोर शोधकाने एका झटक्यात दूर केले नाहीत. ते निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या कारणांसाठी, जवळजवळ दोनशे वर्षांत एकेक करून काढले. त्याच क्रमाने आपण जाऊ.

प्रथम खोली. वाऱ्याच्या पाठबळावर चालणारी साधी होडी वाऱ्याच्या दिशेनेच वाहत जाते. वारा कुशीवर घेऊन आडवे जावयाचे, किंवा नागमोडी मार्गाने वाऱ्याच्या तोंडावर चढावयाचे, तर होडीच्या तळाखाली पाण्यात रुतणारे काहीतरी लागते. नाहीतर ती खेकड्यासारखी तिरकी सरकते. म्हणून मोठ्या गलबतांना तळाशी खोल कणा असतो. पण खोल कणा आला की खोल पाणी आले, खोल पाणी आले की बंदर आले, धक्का आला, नांगरवाडा आला आणि त्या सर्वांचा खर्च आला. आपल्या खाड्यांत सुकतीच्या वेळी चिखलात कलंडलेले मचवे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना खोलीची ही अडचण समजावून सांगावयास नको.

ह्यावर डच लोकांनी एक तोड काढली होती. त्यांचा किनारा उथळ. म्हणून ते नौकेच्या दोन्ही कुशींना पंख्यासारख्या फळ्या टांगीत आणि हवी ती फळी पाण्यात सोडीत. चिनी नाविकांनाही वरखाली होणाऱ्या फळ्यांची युक्ती फार पूर्वीपासून माहीत होती. इंग्रजी आरमारातल्या जॉन शँक नावाच्या अधिकाऱ्याने १७७४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे लॉर्ड पर्सीसाठी एक होडी बांधली. तिच्या तळालाच खाच ठेवून त्याने त्यातून वरखाली सरकणारा कणा बसविला. ही कल्पना आरमाराने पुढे मोठ्या नौकांवरही अजमावून पाहिली. १७९८ साली बांधलेले 'लेडी नेल्सन' हे साठ टनी जहाज असे तीन सरकते कणे घेऊन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा शोध करीत हिंडले. १८११ साली न्यू जर्सीच्या स्वेन बंधूंनी ही फळी एका खिळ्यावर फिरती करण्याचे पेटंट घेतले. तळ आपटला की फळी आपोआप वर येते, असा त्यात फायदा होता. आता होडी गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याला लागू शकत होती आणि फळी खाली सोडताच वाऱ्याशी झुंजूही शकत होती. पहिला अडसर असा सुटला.

दुसरा अडसर कसबाचा होता आणि तो अधिक अवघड होता. लाकडी होडी म्हणजे काही चौकोनी पेटी नव्हे. तिची प्रत्येक फळी दोन दिशांनी वाकलेली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदीला कमीजास्त होत गेलेली असते. ती वाफेवर मऊ करून वाकवावी लागते. तिची कड शेजारच्या फळीच्या कडेला केसभरही फट न राहता बसवावी लागते. हे काम करणारे कारागीर डोळ्याने मोजीत. बापाच्या हाताखाली पोरगा दहा-पंधरा वर्षे राबे, तेव्हा त्याच्या डोळ्यात ते माप उतरे. कागदावर ते क्वचितच येई. मालकाला नौका मिळे, पण नौकेची विद्या मिळत नसे.

ही विद्या कागदावर आणून सर्वांपुढे मांडण्याचे मोठे काम केले ते मासिकांनी. अमेरिकेत १८९० साली 'द रडर' हे नौकानयनाचे मासिक निघाले. त्याचा संपादक टॉमस फ्लेमिंग डे हा मोठा आग्रही गृहस्थ होता. लहान नौका समुद्राला लायक असते आणि ती सामान्य माणूस स्वतः बांधू शकतो, ही दोन मते तो अंकामागून अंक मांडीत राहिला. १९०१ साली त्याने 'सी बर्ड' नावाच्या सुमारे पंचवीस फुटी नौकेचे आराखडे छापले. ह्या नौकेचा तळ गोल नव्हता. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा, सरळ रेषांचा आणि कोपऱ्यांचा होता. सौंदर्याच्या दृष्टीने जुने कारागीर त्याला नाक मुरडीत. पण मर्म तेथेच होते. गोल तळाला कारागिराचा डोळा लागतो, सरळ तळाला फूटपट्टी पुरते. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९११ साली डे स्वतः दोन सोबत्यांना घेऊन त्याच 'सी बर्ड'मधून अटलांटिक महासागर ओलांडून गेला.

ह्या छापील कागदाचे सामर्थ्य किती, ह्याचे एक उदाहरण सांगतो. हॅरी पिजन हा आयोवा प्रांतातील शेतावर जन्मलेला मनुष्य. घराण्यात कोणी खलाशी नाही. त्याने ह्याच घराण्यातील चौतीस फुटी नौकेचे छापील आराखडे घेऊन १९१७-१८ साली लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर आपल्या हातांनी 'आयलंडर' बांधली. १९२१ ते १९२५ ह्या काळात तिच्यातून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारा तो जगातला दुसरा मनुष्य. पहिला जोशुआ स्लोकम, तो जन्माचा दर्यावर्दी होता. दुसरा शेतकऱ्याचा मुलगा. ह्या दोघांमधले अंतर मासिकाने भरून काढले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण 'आयलंडर'सारखी नौका घरी ठेवता येत नाही. येथे आपण अंतराच्या अडसरापाशी येतो. १९३०च्या सुमारास अमेरिकेत मोटारी घरोघर झाल्या होत्या. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शर्यतवाल्या मंडळींनी 'रडर'कडे मागणी केली की, मोटारीमागे दोन चाकांच्या गाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, घालून गावोगावच्या शर्यतींना नेता येईल अशी एखादी होडी द्या. तेव्हा संपादक असलेल्या विल्यम क्रॉस्बी ह्याने साडेपंधरा फुटांची 'स्नाइप' आखली आणि जुलै १९३१च्या अंकात तिचे आराखडे छापून टाकले. सरळ कोपऱ्यांचा तळ, वर उचलता येणारी फळी, घरी बांधता येण्याजोगी रचना. पुढच्याच वर्षी तिच्या मालकांची संघटना निघाली. 'स्नाइप' आजही जगभर शर्यतींत उतरते.

मौज अशी की, अंतराचा अडसर सुटताच लाकडाचा अडसर अधिक ठळक झाला. फळ्या जोडून केलेली होडी पाण्यातच राहण्यासाठी जन्मलेली असते. पाण्यात लाकूड फुगते, फटी आवळल्या जातात आणि होडी घट्ट होते. तीच होडी आठवडाभर अंगणात उन्हात ठेवली की लाकूड आकसते, फटी उघडतात आणि रविवारी पाण्यात सोडताच ती चाळणीसारखी गळू लागते. म्हणजे जी होडी घरी राहावयाची, तिला न आकसणारे लाकूड पाहिजे होते. असे लाकूड झाडाला येत नाही, ते कारखान्यात करावे लागते.

प्लायवूड तेव्हा नवे नव्हते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवेउभे चिकटवले की फळी कोणत्याच दिशेला फारशी आकसत नाही, हे ठाऊक होते. अडत होते ते सरसापाशी. जुना सरस हाडांचा, रक्ताचा किंवा दुधातील केसीनचा. तो पाण्यात टिकत नसे आणि पापुद्रे सुटत. १९३४ साली अमेरिकेत जेम्स नेविन ह्या रसायनज्ञाने प्लायवूडसाठी पूर्ण जलरोधक सरस सिद्ध केला. १९३७ साली इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रॉइन ह्याच्या कारखान्यातून 'एरोलाइट' हा कृत्रिम राळेचा सरस बाहेर पडला. मग महायुद्ध आले. १९४० साली प्रथम उडालेले 'मॉस्किटो' विमान चक्क लाकडाचे होते आणि त्याचे भाग खुर्च्या-टेबले करणाऱ्या कारखान्यांत तयार होत. आरंभी त्यात केसीनचा सरस वापरीत. उष्ण व दमट हवेत तो बरा नाही असे दिसून आल्यावर कृत्रिम राळेचा सरस आला. युद्ध संपले तेव्हा जलरोधक सरस, चांगले प्लायवूड आणि ते वापरण्याची सवय, ह्या तिन्ही गोष्टी बाजारात शिल्लक राहिल्या. माणसे मारण्यासाठी केलेल्या उद्योगातून पुष्कळदा मुलांची खेळणी निघतात, त्यातलाच हा प्रकार.

खेळण्याचा उल्लेख केला तो शब्दशः खरा आहे. १९४७ साली फ्लोरिडातील क्लिअरवॉटर गावी मुलांसाठी पन्नास डॉलरच्या आत बसेल अशी होडी हवी होती. क्लार्क मिल्स ह्या होडी बांधणाऱ्याने ती आखली. प्लायवूडचा तक्ता आठ फुटी, म्हणून होडीही आठ फुटांच्या आतच ठेवली. तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट'. मुंबईच्या समुद्रात शीड शिकणारी मुलेही ह्याच होडीत बसून शिकतात. त्याच साली इंग्लंडमध्ये 'यॉटिंग वर्ल्ड' मासिकासाठी जॅक होल्ट ह्याने 'कॅडेट' ही मुलांची प्लायवुडी होडी आखली. १९५६ साली 'न्यूज क्रॉनिकल' ह्या वृत्तपत्राने होल्टकडूनच 'एंटरप्राइज' करवून घेतली. त्याच वर्षाच्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, तशा दोन होड्या रात्री इंग्लिश खाडी पार करून गेल्या आणि गावभर बोलबाला झाला. ते वृत्तपत्र १९६० साली बंद पडले. होडी मात्र चालू राहिली आणि पुढे भारतातही आली.

आता ह्या इतिहासाचा कळस. १९६०च्या सुमारास इंग्लंडात बॅरी बकनेल हे नाव घराघरात झाले होते. घरातली दुरुस्ती आपली आपण कशी करावी, हे तो बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर दाखवीत असे. दार कसे तासावे, फडताळ कसे बसवावे, असल्या गोष्टी. त्याच्या मनात आले, जो मनुष्य फडताळ करू शकतो, त्याला होडी का करता येऊ नये? प्लायवूड आले तरी एक कठीण काम उरले होते. आतला सांगाडा आधी उभा करून, त्याच्या कडा तिरक्या तासून, त्यावर तक्ते बसवावे लागत. ह्याच सुमारास केन लिटलडाइक हे शाळामास्तर शिवण घालून लहान होड्या तयार करीत होते. ती रीत अशी. तक्ते ठरल्या आकारात कापावयाचे. कडांना छिद्रे पाडावयाची. तांब्याच्या तारेचे टाके घालून कडा एकमेकींना शिवावयाच्या. मग तक्ते उलगडून वर ओढले की, सपाट पडलेल्या त्या लाकडाला आपोआप होडीचा आकार येतो. सांगाडा नको, वाफ नको, कारागिराचा डोळा नको. तो डोळा तक्त्यांच्या कापातच आधी उतरलेला असतो. नंतर सांध्यावर काचतंतूची पट्टी आणि पॉलिएस्टरची राळ चढवावयाची, ती वाळली की बाहेर आलेल्या तारा कापून टाकावयाच्या. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, मग पक्की शिवण मारतो आणि कच्चा दोरा ओढून काढतो, तशातलीच ही गोष्ट.

बकनेलने ह्या रीतीने होडी बांधली, होल्टने तिचे शीड आणि घडण पक्की केली आणि 'डेली मिरर' ह्या कामगारवर्गाच्या वृत्तपत्राने ती उचलून धरली. त्या वृत्तपत्राचा खप तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास होता. जानेवारी १९६३मध्ये लंडनच्या नौकाप्रदर्शनात 'मिरर' होडी लोकांपुढे आली. लांबी दहा फूट दहा इंच, रुंदी चार फूट सात इंच, नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे शंभर पौंड. दोन माणसे ती उचलू शकत. डोलकाठी मुद्दाम आखूड ठेवलेली, तिच्या वर एक काठी सरकवून शीड उंच करावयाचे. म्हणजे सर्व काठ्या होडीतच मावत आणि सबंध बाड ट्रेलरवर किंवा मोटारीच्या टपावरही जाई. मधली फळी उचलली की ती वीतभर पाण्यात चाले. दोन्ही कुशींना आणि नाळेकडे बंद हवेच्या पेट्या होत्या, त्यामुळे उलटली तरी बुडत नसे. शिडे लाल, वृत्तपत्राच्या शीर्षकाच्या रंगाची. कापलेले तक्ते, सरस, खिळे आणि सूचनापत्र असा सबंध संच त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंगांना मिळे.

त्यानंतर इंग्लंडातल्या बैठकीच्या खोल्यांत, छपऱ्यांत, चर्चच्या सभागृहांत आणि शाळांच्या सुतारवर्गांत होड्या शिवल्या जाऊ लागल्या. पुरी झालेली होडी दारातून बाहेर कशी काढावयाची, हा प्रश्न ऐन वेळी आठवणारेही महाभाग निघाले. एकूण सत्तर हजारांहून अधिक 'मिरर' होड्या जगात झाल्या. ह्यात केवळ करमणूक नव्हती. नौकानयन हे इंग्लंडात पैशाचे आणि प्रतिष्ठेचे लक्षण होते. तेथे आता स्वतः रंगवलेली, क्वचित जरा वाकडी, लाल शिडाची होडी घेऊन गिरणीतला माणूस बायकामुलांसह तळ्यावर येऊ लागला. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती, धक्क्याचीही नव्हती.

असल्या होड्यांचा पल्लाही काही लहान नव्हता. फ्रँक डाय ह्याने 'वेफेअरर' ह्या जवळजवळ सोळा फुटी, मूळ प्लायवुडी, उघड्या होडीतून १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंड गाठले आणि १९६४ साली वादळांतून नॉर्वे. १९९०नंतरच्या दशकात सँडी मॅकिनन हे शिक्षक एका 'मिरर'मधून इंग्लंडातील श्रॉपशरहून निघाले आणि नद्या, कालवे व इंग्लिश खाडी पार करीत थेट काळ्या समुद्राला जाऊन पोहोचले. कालव्यांच्या त्या वाटेने खोल कण्याची शर्यतीची नौका बहुतेक ठिकाणी अडून बसली असती.

ह्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९७०नंतर साच्यात ओतलेल्या काचतंतूंच्या होड्या बाजारात भरल्या. त्या गळत नाहीत, कुजत नाहीत, दरवर्षी रंग मागत नाहीत. घरी होडी बांधणारे कमी झाले. बांधणारा पुन्हा गिऱ्हाईक झाला. सोय वाढली, ह्यात वाद नाही. परंतु स्वतः शिवलेली होडी खडकावर आपटून फुटली, तर ती पुन्हा कशी शिवावयाची हे तिच्या मालकाला ठाऊक असे. विकत घेतलेल्या होडीच्या मालकाला बहुधा दुकानाचा पत्ता तेवढा ठाऊक असतो. शिवाय जुन्या कारागिरांचाही एक वर्ग ह्या सर्व धामधुमीत मागे पडला. विद्या पसरते तेव्हा ती पातळही होते, हेही इतिहासाने नोंदले पाहिजे.

शिवलेल्या होडीचे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक विचार आला असेल आणि तो रास्त आहे. फळ्यांना छिद्रे पाडून त्या शिवण्याची विद्या इंग्लंडला नवी होती, आपल्या समुद्राला नव्हे. अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवर नौका शतकानुशतके काथ्याने शिवल्या जात. फरक एवढाच की, 'मिरर'चा टाका कच्चा, तो काम झाल्यावर कापला जातो. आपला टाका पक्का, नौकेच्या जन्मभराचा. लाटेचा तडाखा बसला की ती शिवण किंचित देते आणि पुन्हा आवळते. मग आपल्या किनाऱ्यावर ही विद्या घरोघर का गेली नाही?

ह्याचे एक उत्तर अगदी अलीकडच्या घटनेत सापडते. भारतीय नौदलासाठी जुन्या धर्तीचे शिवलेले जहाज बांधावयाचे ठरले आणि २०२३ साली गोव्यात काम सुरू झाले. तेव्हा हाती जुना आराखडा एकही नव्हता. आधार घ्यावा लागला तो आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातील, पाचव्या शतकातील एका जहाजाच्या चित्राचा. चित्रकाराने जहाज काढले होते, पण मापे लिहिली नव्हती. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातात शिवण अजून शिल्लक होती. आकाराची परीक्षा मद्रासच्या आय.आय.टी.त करावी लागली. २०२५ साली ते जहाज पाण्यात उतरले आणि त्याच वर्षी 'कौंडिण्य' ह्या नावाने नौदलात दाखल झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तीत एक बोचही आहे. जी विद्या ह्या किनाऱ्यावर हजारो हातांत होती, तिच्यासाठी भिंतीवरचे चित्र निरखावे लागले. कारण ती हातांत होती, कागदावर नव्हती. हात थकले, मुले दुसऱ्या धंद्यांना लागली आणि दुवा तुटत गेला.

श्रोतेहो, चार अडसरांची ही हकीकत सांगण्यामागे माझा उद्देश इंग्रजांची किंवा अमेरिकनांची थोरवी गाण्याचा नाही. त्यांचा सरकता कणा डचांच्या आणि चिन्यांच्या मागून आला, त्यांची शिवण आपल्या मागून आली. सरस युद्धातून मिळाला, रस्ते मोटारींसाठी झाले. त्यांनी जे खरोखर निराळे केले, ते एवढेच की, जे कळले ते मापांसह छापले आणि पन्नास लाख लोकांच्या हाती ठेवले. आजही आपल्या खाड्यांच्या काठी डोळ्याने मापे घेऊन होड्या बांधणारे सुतार आहेत. त्यांच्यापाशी बसून, त्यांच्या होडीची मापे फूटपट्टीने घेऊन, त्यांच्याच शब्दांत ती लिहून ठेवण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. एखाद्या शाळेच्या सुतारवर्गाने, एखाद्या गावच्या वाचनालयाने मनावर घेतले तरी ते होण्यासारखे आहे. त्यासाठी अजिंठ्यापर्यंत जाण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येऊ नये, इतकेच.